बोलायला लागलो तेव्हा

म्हातारपणाबद्दल मला कुणी कधी चांगलं सांगितलं नव्हतं. गुडघे धरतील, दात पडतील, सून विचारणार नाही, एवढंच ऐकत मी वाढले. त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडल्यावर जे झालं त्याला मी मुळीच तयार नव्हते. गुडघे धरले, दाढा हलायला लागल्या, हे खरं. पण त्याच सुमाराला आयुष्यात जी मोकळीक आली, ती येणार आहे हे मला आधी कुणी का सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो. सांगितलं असतं तर मी तरुणपणी तिची वाट तरी बघितली असती.

हे रिटायर झाले आणि आम्ही गिरगावची चाळ सोडून डोंबिवलीला आलो. हे म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीत नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि ती मी आता मोडणार नाही. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. स्टेशनच्या पूर्वेला एका बैठ्या घरात आम्ही दोन खोल्या घेतल्या. मागे विहीर, विहिरीपलीकडे भाताची खाचरं, आणि दिवेलागणीला कंदिलाची काच पुसायचं काम. गिरगावातली मंडळी विचारत, "तिथे माणसं राहतात का?" मी म्हणे, "माणसं थोडी, साप बरेच." ह्यांच्या पेन्शनीत मुंबई परवडत नव्हती हे खरं कारण. पण मला विचाराल तर मी तिथे दोन खोल्यांसाठी नाही, दोनच माणसांसाठी गेले.

तर मोकळीक. महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं, पाणीसुद्धा कुणी वरून घालील तेव्हा प्यायचं, हे सगळं एकाएकी संपलं. बायका त्याबद्दल हळहळतात म्हणे. मी नाही हळहळले. मी सणासुदीला बेधडक देवाजवळ जाऊन बसले, लोणच्याच्या बरणीत हात घातला, आणि कुणाची हिशेबी नजर माझ्यावर नव्हती. डोक्यावरचा पदर घसरला तर घसरला. बाजारात उभी राहून परक्या पुरुषाशी भावावरून भांडले तरी कुणी बघत नसे. सबंध तरुणपण 'कोण बघतंय' या धाकात गेलं होतं, आणि आता कुणीच बघत नाही म्हणून मी खुशीत होते.

या सगळ्याहून मोठं नवल म्हणजे ह्यांची आणि माझी ओळख झाली. वाचणाऱ्याला हसू येईल, पण लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर आमची ओळख झाली.

आमच्या घरात नवराबायकोनं मोठ्यांदेखत बोलायचं नाही असा दंडक होता. जेवताना ह्यांना मीठ हवं असलं तर हे सासूबाईंना म्हणत, "आई, मीठ हवं होतं." मी सासूबाईंच्या शेजारी मीठ घेऊनच उभी असे. तरी सासूबाई मला म्हणत, "मीठ वाढ गं," आणि मग मी वाढत असे. पुढे मुलं बोलायला लागली तेव्हा निरोपांचं काम त्यांच्याकडे गेलं. "आईला विचार, माझी छत्री कुठे ठेवलीय." आई समोर, छत्री आईच्या हातात, आणि मूल बिचारं दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघतंय. रात्री तरी बोलत असाल, असं आजकालच्या मुली मला विचारतात. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं होतो. लाकडी पार्टिशनपलीकडे दीर-जाऊ. खोकला आला तरी उशीत तोंड खुपसायचं, तिथे बोलणार काय?

डोंबिवलीला आलो तेव्हा सासूबाई वारल्या होत्या. मुलगा नोकरीवर नागपूरला, एक मुलगी ठाण्याला दिलेली, दुसरी पुण्याला. निरोप पोचवायला कुणी उरलंच नाही. ह्यांची फार पंचाईत झाली. सकाळी उठून हे खोलीत उभे राहत आणि कोपऱ्यातल्या फडताळाकडे बघून म्हणत, "चहा झाला असेल तर बरं होईल." मीही फडताळालाच सांगे, "होतोय." पहिले काही आठवडे आम्ही असा फडताळामार्फत संसार केला. मग एक दिवस मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "फडताळ म्हणतंय, साखर संपलीय. बाजारात कुणी जाणार आहे का, की फडताळानंच जायचं?"

हे हसले. चांगले खो खो हसले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. ह्यांचं हसणं मी तोवर आवाजासकट ऐकलंच नव्हतं.

तिथून गाडं सुरू झालं. आणि एकदा सुरू झाल्यावर हा माणूस किती बोलका निघाला म्हणता! कचेरीतल्या साहेबाची नक्कल अशी करीत की मी पोळपाट सोडून भिंतीला टेकून बसे. शेजारपाजारच्या बातम्यांची ह्यांना माझ्याहून जास्त आवड. पालीची भीती. आणि चहा आलं घालून आवडतो. हे तर मला इतकं लागलं की काय सांगू. गिरगावात सासूबाईंना आलं उष्ण पडे, म्हणून घरात कुणालाच नाही. तीस वर्षं हे तो पांचट चहा पीत राहिले आणि मी तो करीत राहिले. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "कुणाला बोलणार?" हे म्हणाले. त्यात ह्यांचा एक कान जड होत चाललेला. त्यामुळे हे मोठ्यानं बोलत आणि मलाही मोठ्यानं बोलावं लागे. जन्मभर जी बाई कुजबुजत जगली तिचा आवाज आता विहिरीपर्यंत ऐकू जायला लागला. आमची भांडणं अख्ख्या आळीला पाठ.

जेवणाचंही तसंच झालं. आधी पुरुष, मग मुलं, मग बायका, हीच रीत. मी ह्यांना वाढी, ह्यांचं झालं की मग माझं ताट घेई. एक दिवस हे म्हणाले, "अगं, बस की समोर. दोन माणसांत कसल्या पंगती?" मी बसले खरी, पण समोर नाही, जरा तिरकी, भिंतीकडे तोंड करून. ह्यांच्यासमोर घास तोंडात घालायची मला लाज वाटली. तीन मुलं वाढवलेली बाई मी! घास चावायचा आवाज होईल म्हणून त्या दिवशी मी पापड घेतला नाही. हळूहळू सरळ बसायला लागले. पुढेपुढे तर ह्यांच्या पानातला पापड मोडून घ्यायला लागले.

असे ते दिवस होते. सुखाचे म्हणायला हरकत नाही. पण माझ्या मनात ह्यांच्याबद्दल एक अढी होती, फार जुनी, आणि ती सुखातही सुटत नव्हती. उलट हे जितके गमतीचे निघाले तितकी ती जास्त टोचायला लागली. इतकं हसणारा, बोलणारा माणूस तेव्हा असा कसा वागला, हे मला कळेना.

आम्हाला पहिली मुलगी झाली होती. दुसऱ्या खेपेला मी बाळंतपणासाठी कल्याणला माहेरी गेले तेव्हा ती अडीच वर्षांची होती, माझ्याबरोबर होती. पारनाक्याच्या बाजूला आमचं घर. वडील नव्हते, काका घरातले कर्ते. फाल्गुनात तिला घटसर्प झाला. आज त्यावर सुया आहेत, औषधं आहेत. तेव्हा वैद्य आले, घशात काही लावून गेले, आणि पुन्हा येऊन मान हलवून गेले. दोन दिवसांत खेळ आटोपला. गिरगावला निरोप गेला होता. निरोप नेणारा परत येऊन म्हणाला होता, घरी सांगितलंय म्हणून. हे आले नाहीत. ती असताना आले नाहीत, गेल्यावर आले नाहीत. मला सातवा महिना होता. मी काही बोलले नाही, कारण नवरा का आला नाही असं विचारणारी मुलगी निर्लज्ज ठरली असती.

मुलगा झाल्यावर मी परत गिरगावला गेले. दारात ओवाळलं, तुकडा टाकला, सगळं रीतसर. सासूबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं की बाळंतिणीच्या घरात गेलेल्याचं नाव काढायचं नाही. हे समोर उभे होते. मला वाटलं, बोलता नाही आलं तरी एकदा बघतील. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाळाकडे ओझरतं बघितलं आणि कोट अडकवायला आत गेले. त्याच क्षणी माझ्या मनात दगड पडला. म्हटलं, ठीक आहे. पुढची तीनही मुलं ह्यांनी कधी उचलून घेतली नाहीत, त्यानं माझं मत पक्कंच झालं. माणूस कोरडा, एवढं मी मनाशी लिहून टाकलं आणि संसार केला. नीट केला. कशात कमी पडू दिलं नाही. पण मनातून मी ह्यांची नव्हते, हे सत्तावीस वर्षांत एक दिवसही विसरले नाही.

त्या दिवशी आम्ही मागच्या पायरीवर वाल सोलत बसलो होतो. डोंबिवलीला आल्यावर हे स्वयंपाकघरातही लुडबूड करायला लागले होते. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग गरम पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांत धरून सालातून बाहेर काढायचा, असं हे वेळखाऊ काम. बिरडं खायला सगळे पुढे, सोलायला कुणी नाही. पण हे बसत. निम्मे दाणे मोडत, तरी बसत. उन्हं कलली होती. सोलता सोलता हे म्हणाले, "तुमच्या अंगणात वाल वाळत घातले होते, आठवतं? शेळी शिरली होती त्यात, खात होती, आणि कुणाचं लक्षच नव्हतं. शेवटी मी हाकलली."

मी म्हटलं, "कुठल्या अंगणात?"

"कल्याणच्या. तुमच्या."

"कधी हो?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, ती गेली त्या दिवशी. मी आलो होतो ना, तेव्हा."

माझ्या हातातला दाणा हातात राहिला. मी म्हटलं, "तुम्ही आला नव्हतात."

"आलो नव्हतो म्हणजे? कचेरीतून परस्पर आलो. भर उन्हात स्टेशनवरून चालत आलो. काका ओट्यावर बसले होते. म्हणाले, सगळं आटोपलं, खाडीवर नेऊन ठेवून आलो. आत जाऊ नका, तिला सातवा आहे, तुम्हाला बघितलं की हंबरडा फोडील आणि पोटातल्याला धक्का बसेल. आता तिला जरा डोळा लागलाय. तुम्ही परत जा, आला होतात ते मी तिला सांगतो." मग हातातला दाणा ताटात टाकून हे म्हणाले, "सांगितलं नाही?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

शेळीची गोष्ट खरी होती. शेजारची शेळी वाळवणात शिरून निम्मे वाल फस्त करून गेली, हे काकू पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवीत असे. घरातली पोर गेली त्या दिवशी काकूला वालाचं दुःख, म्हणून मी तिच्यावर मनातून चिडलेही होते. ती शेळी कुणी हाकलली हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

काकांनी काय केलं असेल, ते मी मनातल्या मनात जुळवून बघितलं. सून-मुलींशी स्वतः बोलायचं नाही हा त्यांचाही नेम. ते काकूला म्हणाले असतील, पोरीला सांग जावई येऊन गेले. काकूनं ठरवलं असेल, आज नको, उद्या सांगू. मग मला कळा सुरू झाल्या की काय अशी धावपळ झाली, मग खरंच बाळंतपण, मग बारसं. कुणी मुद्दाम लपवलं नसणार. एकाच्या तोंडून दुसऱ्याकडे जाता जाता निरोप वाटेतच कुठेतरी पडला. तशा किती गोष्टी पडल्या असतील आमच्या दोघांमधल्या, देव जाणे.

"मला वाटलं, तुला माहीत आहे," हे म्हणाले. "दारापर्यंत येऊन मी परत गेलो, याचा तुला राग आहे, असं मी धरून चाललो. तू परत आलीस तेव्हा तुझा चेहरा असा होता की मला वाटलं, हिनं मला कायमचं टाकलं. आणि टाकलं ते बरोबरच, असंही वाटलं. काका म्हणाले म्हणून काय झालं? मी आत शिरायला हवं होतं."

सत्तावीस वर्षं हा माणूस असं धरून चालला होता आणि मी तसं.

लोक म्हणतील, आता तरी अढी सुटली, जीव भांड्यात पडला असेल. छे! मला इतका संताप आला की मी वालाचं ताट तिथेच ठेवून उठले. ह्यांच्यावर नाही. पण कुणावर तेही कळेना. काका वारलेले, काकू वारलेली, सासूबाई वारलेल्या. ज्यांच्याशी भांडायचं ती सगळी माणसं निघून गेली होती आणि मागे आम्ही दोघं पिकले केस घेऊन उरलो होतो. गुन्हा कुणाचाच नाही आणि शिक्षा मात्र पूर्ण भोगून झालेली! मला माझं पंचविशीतलं, तिशीतलं वय डोळ्यांसमोर दिसायला लागलं. हा आल्याचा चहा, हा पापड, ही नक्कल करणं, हे सगळं तेव्हाही होतं. हाताच्या अंतरावर होतं. आणि मी तोंड फिरवून बसले होते.

काही दिवस आमच्या घरात पुन्हा पूर्वीसारखी शांतता झाली. आमच्याकडे पलीकडच्या गावातून एक आगरी बाई भाजी घेऊन यायची. माझ्याच वयाची, नाकात मोठी नथ, तोंडाळ आणि प्रेमळ. ती ओट्यावर पाटी उतरवून आत डोकावली आणि म्हणाली, "बाय, आज म्हातारा गप का गो? दोन दीस झालं, रस्त्याशी आवाज नाय येत. भांडलाव का?"

मी म्हटलं, "नाही गं."

"मग बोला की. आपले वयाला आता काय ठेवून घ्यायचा?" असं म्हणून तिनं माठाची जुडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि गावातल्या कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगायला लागली. तिला आमचं काहीच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी हे आपणहून म्हणाले, "कल्याणला जाऊन येऊ या का? तिथे आता आपलं कुणी नाही, माहितीय मला. नुसतं जाऊन येऊ."

एकत्र कुठे जायचं तर आम्ही लग्नकार्याला जात असू, आणि तेव्हाही हे चार पावलं पुढे, मी मागे. त्या दिवशी स्टेशनवर उतरल्यावर ह्यांनी टांगा केला आणि मला शेजारी बसवलं. माहेरचं घर विकलं गेलं होतं. तिथे कुणी दुसरं बिऱ्हाड होतं, ओट्यावर मुलं खेळत होती. आम्ही उतरलो नाही. टांगेवाल्याला ह्यांनी सांगितलं, "काळ्या तलावावर घे."

तलावाच्या काठी एका बाजूला दगडी पायऱ्या आहेत. तिथे ह्यांनी मला नेलं आणि एका पायरीवर छत्री टेकवून म्हणाले, "इथे बसलो होतो. तुमच्या ओट्यावरून उतरलो तो इथे आलो. लगेच परत जायला पाय उचलेना. म्हटलं, तू कदाचित उठशील, कुणीतरी बोलवायला येईल. दिवे लागेपर्यंत बसलो. मग गेलो."

मीही तिथेच बसले. पाण्यावर शेवाळ होतं, पलीकडे म्हशी बसल्या होत्या. आमच्या घरापासून हा तलाव मुळीच लांब नाही. मी खोलीत पडले होते तेव्हा हे इथे होते. एखाद्या पोरानं धावत येऊन सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी पदर तोंडाला लावून रडले. इतक्या वर्षांत तिच्यासाठी ह्यांच्यासमोर रडायची माझी ती पहिलीच वेळ. ह्यांनी काही समजूत घातली नाही, नुसते बसून राहिले, ते बरं केलं.

जरा वेळानं हे म्हणाले, "शेवटी कशी होती गं ती? मला कुणीच सांगितलं नाही. तू होतीस तिच्याजवळ. सांग मला."

मी सांगायला लागले. वैद्य कसे आले, काढा कशाचा दिला, काकूनं नवस कुठल्या देवाला बोलला, माझ्या आजीनं मीठ-मोहऱ्या कशा ओवाळून टाकल्या. हे कान पुढे करून ऐकत होते. मग म्हणाले, "आणि ती?"

मी डोळे मिटले. खोली दिसली. खोलीचं दार दिसलं, अगदी लख्ख. त्याची चौकट, चौकटीवरचं कुंकवाचं बोट, कडी वाजायची तो आवाज. त्या दोन दिवसांत मी त्या दाराकडे बघत होते. हे येतील, आता येतील, हे का आले नाहीत. पोर माझ्या मांडीवर होती आणि माझी नजर दाराकडे होती. आणि पुढची सत्तावीस वर्षंही मी तेच दार बघत राहिले. हे आले नाहीत, हे मी रोज आठवलं, घोकलं, जपलं. तिला आठवायचं राहूनच गेलं. फोटो काढायची तेव्हा आमची ऐपत नव्हती. आणि नंतर तीन मुलं झाली, त्यांची तोंडं तिच्या तोंडावर येऊन बसली.

मी ह्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन म्हटलं, "मला तिचा चेहरा आठवत नाही हो."

मला वाटलं, हे चमकतील. आई असून असं कसं, असं म्हणतील. हे आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगायला लागले.

म्हणाले, पहाटे चाळीत नळाला पाणी यायचं, तुम्ही बायका हंडे घेऊन खाली जायचात, आई आंघोळीला जायची, बाबा झोपलेले. तेवढ्यात मी तिला उचलून गॅलरीत न्यायचो. मोठ्यांदेखत आपलं मूल घ्यायचं नाही ना, म्हणून रोज तेवढाच वेळ. तिच्या भुवया जुळलेल्या होत्या. हसायला आलं की आधी नाक वर ओढायची, मग हसायची. माझ्या सदऱ्याच्या गुंड्या मोजायची. एक, एक, एक, असं सगळ्या गुंड्यांना एकच म्हणायची, पुढचा आकडा तिला येतच नव्हता. तुझी पावलं जिन्यात वाजली की मी तिला गोधडीवर ठेवून द्यायचो आणि ती ओरडायची. तुला वाटायचं, आई दिसत नाही म्हणून रडतेय.

खरंच मला तसं वाटायचं. मी हंडा ठेवून तिला घ्यायला धावायचे, आणि हे तिकडे तोंड करून दात घासत असायचे.

"मग पुढच्यांना का नाही घेतलंत?" मी विचारलं.

"धीर झाला नाही," हे म्हणाले.

उन्हं तलावावरून सरकत होती. हे आणखी सांगत होते. तिला कावळ्याची भीती नव्हती, पण पारव्यांची होती. तिच्या कानामागे तीळ होता. झोपेत मूठ उघडायची नाही. मी ऐकत होते. माझ्याच पोटच्या पोरीची ओळख दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी आणि मी नव्यानं ऐकावी, असं ते होतं. ह्यांनी सांगितलेलं मी एकेक धरून ठेवायला बघत होते. मला फार उशीर झाला होता हेही कळत होतं. यानंतर हे फार वर्षं राहिले नाहीत. तिच्याबद्दल मात्र पुढे पुष्कळदा बोलले, आणि आज मला तिची जी काही आठवण आहे ती सगळी ह्यांच्याकडून मिळालेली आहे.

टांगेवाला लांबून हाका मारायला लागला. उठता उठता मी एवढंच विचारलं, "दिसायला कुणावर गेली होती?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्यावर. हुबेहूब. म्हणून तर तू परत आलीस तेव्हा तुझ्याकडे बघवलं नाही."